मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमके किती, आणि घरापासून घरापर्यंत तास किती?

कणकवलीकर

नमस्कार.

गौरी-गणपती आटोपले की सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहणाऱ्या लेकीकडे जाणार आहोत, आणि शिमगा घरीच करायचा असल्याने फेब्रुवारीत परत येणार आहोत. आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे, सौ.ना मधुमेह आहे आणि परदेशी जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. जावयांनी तिकिटे पाठवल्यापासून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आहे, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत.

जाताना मुंबईहून पहाटे ४.३० ला निघून ६.१५ ला दुबई, तिथून ८.४५ ला निघून त्याच दिवशी दुपारी १.३० ला सॅन फ्रान्सिस्को, असे तिकिटावर छापलेले आहे. येताना सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी ३.४५ ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७.३० ला दुबई, तिथून रात्री १०.१५ ला निघून तिसऱ्या दिवशी पहाटे २.४५ ला मुंबई. म्हणजे कागदावर जाताना ९ तास आणि येताना ३५ तास होतात. घड्याळे वेगळी असतात हे मला ठाऊक आहे, पण प्रत्यक्षात आम्हांला किती तास बसावे लागणार, हे कोणी नीट मांडून सांगेल का?

दुसरी शंका अंतराची आहे. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर दिसते, तर आमच्या तिकिटाच्या दोन टप्प्यांची बेरीज १५,००० च्या घरात जाते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते, आणि जावई मात्र म्हणतात की विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. यांतले खरे काय धरावे?

आणि शेवटचे म्हणजे कणकवलीहून कोणत्या दिवशी निघावे, हेही मला या हिशेबातच बसवायचे आहे.

दर्या_रत्नागिरी

नमस्कार. मी व्यापारी जहाजांवर नौकानयनाच्या कामात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या शंकेला उत्तर देणे मला आवडेल. विमानाचे आणि जहाजाचे अंतर मोजण्याचे शास्त्र एकच आहे.

भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा आणि जवळच्या शाळेतला पृथ्वीगोल मागून घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर बोटाने दाबून धरा आणि दोरा हळूहळू ताणत जा. आपण तो सुरुवातीला आफ्रिकेवरून ठेवला असेल, तर ताण येताच तो तिथे टिकत नाही. घसरत घसरत युरोपावर येतो, तिथूनही वर सरकतो आणि अखेर थेट उत्तरेकडे जाऊन बसतो. तोच सर्वांत आखूड मार्ग. त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा एक तुकडा. संकेतस्थळावर दिसलेले १३,५०० किलोमीटर हे या दोऱ्याचे अंतर आहे आणि ते बरोबर आहे. मी विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पुन्हा गणित करून पाहिले, १३,५१० च्या आसपास येते.

हा मार्ग मुंबईहून निघताना उत्तर दिशेपासून पूर्वेकडे जेमतेम १४ अंश कललेला असतो. तो काराकोरम ओलांडतो, कझाकस्तान-चीन सीमेच्या भागातून सैबेरियात शिरतो, ७६ अंश उत्तरेच्याही वर आर्क्टिक महासागरावर पोहोचतो आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियाकडे उतरतो. त्यात अरबस्तान नाही, आफ्रिका नाही आणि अटलांटिकही नाही. आपण पट्टीने आखलेल्या रेषेवरून विमान खरोखरच गेले असते, तर त्याला १९,००० किलोमीटरांहून अधिक जावे लागले असते. याचे कारण असे की भिंतीवरचे बरेच जगाचे नकाशे दिशा बरोबर दाखवण्यासाठी तयार झाले. आम्हां दर्यावर्द्यांच्या ते फार उपयोगाचे असतात, पण त्यांत ध्रुवांकडचा प्रदेश ताणलेला असतो. ६० अंश अक्षांशावर नकाशातली लांबी विषुववृत्ताच्या मानाने दुप्पट होते आणि ७६ अंशांवर चौपटीपेक्षा जास्त. त्यामुळे उत्तरेकडून जाणारी आखूड वाट नकाशावर भलामोठा वळसा वाटते.

आता आपल्या तिकिटाचे अंतर. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणून बेरीज १४,९५० च्या आसपास जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. एक दोन शहरांमधले अंतर आहे, दुसरे आपण निवडलेल्या वाटेचे.

दुबईपासूनचा टप्पा तर मला विशेष वाटतो. दुबई सुमारे ५५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोहोंमधला फरक जवळजवळ १८० अंशांचा, म्हणजे ही शहरे पृथ्वीच्या एकमेकींच्या पाठीमागच्या रेखांशांवर आहेत. अशा दोन ठिकाणांमधली सर्वांत आखूड रेषा ध्रुवावरूनच जाते. गणिताने ही रेषा उत्तर ध्रुवापासून साधारण दोनशे किलोमीटरांवरून जाते, त्यामुळे आपले जावई म्हणतात ते अगदी योग्य आहे. प्रत्यक्षातली वाट त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे थोडीफार इकडेतिकडे होईल, पण समोरच्या पडद्यावरच्या नकाशात इराण, कॅस्पियन समुद्र, रशिया आणि मग आर्क्टिकचा बर्फाळ भाग पाहायला मिळण्याचा संभव बराच आहे. खिडकीकडची जागा मिळाली, तर ती सोडू नका.

आपला कोकण किनाराही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची सगळी किनारपट्टी ७२.५ ते ७४ अंश पूर्व या चिंचोळ्या पट्ट्यात येते. रत्नागिरीहून नाकासमोर उत्तरेला निघून ध्रुव ओलांडून तसेच सरळ गेले, तर १०७ अंश पश्चिम रेखांशावरून अमेरिकेतल्या वायोमिंग आणि कोलोरॅडो या राज्यांवर पोहोचता येईल. अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे असे आपण म्हणतो, पण तिच्या पश्चिम भागाची जवळची वाट आपल्याला उत्तरेकडून आहे.

वाशिष्ठीकाठ

काका, नमस्कार. चिपळूणला माझे तिकिटे काढून देण्याचे काम आहे आणि आपला पहिला प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आई-वडिलांचा असतो, म्हणून तो सविस्तर मांडते.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, दुबईचे चार तास पुढे आहे, आणि कॅलिफोर्नियाचे उन्हाळ्यात सात तास व हिवाळ्यात आठ तास मागे असते. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण सप्टेंबरात जाल तेव्हा मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांत साडेबारा तासांचे अंतर असेल आणि फेब्रुवारीत निघाल तेव्हा साडेतेरा तासांचे. हा एक तास विसरला की परतीचा हिशेब कधीच जुळत नाही.

आता जाण्याचा प्रवास पाहू. मुंबईहून ४.३० ला निघून दुबईच्या ६.१५ ला उतरणे, म्हणजे वरवर पावणेदोन तास. दुबई दीड तास मागे आहे, ते मिळवले की खरे सव्वातीन तास. दुबईत अडीच तास. दुबईच्या ८.४५ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या १.३० पर्यंत वरवर पावणेपाच तास दिसतात, त्यात दोन गावांमधले ११ तास मिळवायचे, की पावणेसोळा तास झाले. बेरीज साडेएकवीस तास. उलट तपासणी अशी की कागदावरच्या ९ तासांत साडेबारा मिळवले तरी साडेएकवीसच येतात.

परतीला पश्चिमेच्या घड्याळातून पूर्वेच्या घड्याळात येतो, म्हणून वजा करायचे. ३.४५ पासून दुसऱ्या दिवशीच्या ७.३० पर्यंत पावणेअठ्ठावीस तास, त्यातून हिवाळ्यातले १२ तास वजा केले की पावणेसोळा. दुबईत पावणेतीन तास. पुढे १०.१५ ते २.४५ हे साडेचार तास, वजा दीड तास, म्हणजे तीन. एकूण पुन्हा साडेएकवीस तासच. कागदावर ९ आणि ३५ दिसणारे दोन्ही प्रवास अगदी सारख्या लांबीचे आहेत.

आपल्या सौ.साठी हाच आकडा महत्त्वाचा आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे तिकिटावरच्या गावागावच्या वेळा पाहून ठरवू नका. एका कागदावर संपूर्ण प्रवास भारतीय वेळेने उतरवून काढा : ४.३० ला निघणे, ७.४५ ला दुबई, १०.१५ ला पुन्हा उड्डाण आणि मध्यरात्रीनंतर २ वाजता सॅन फ्रान्सिस्को. हा कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा, जेवणाच्या वेळा त्यांना सांगा आणि कोणता डोस कधी हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवायची, मोठ्या बॅगेत अजिबात नको.

ओकलंडचा_मालवणी

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी मूळचा मालवणचा, अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या तीरावर राहतो, आणि घरून येणाऱ्या प्रत्येकाचा मार्ग आम्ही चर्चेत घेत असतो. त्यामुळे अंतर आणि वेळ यांच्या नात्याबद्दल थोडे जोडतो, कारण जास्त किलोमीटर म्हणजे जास्त तास असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

मोठी प्रवासी विमाने साधारण ताशी ९०० किलोमीटरांच्या वेगाने जातात. परंतु तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि त्यात धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, उंची गाठणे आणि उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सगळे येते. म्हणून आपल्या मुंबई-दुबई टप्प्यात सरासरी वेग ताशी ६०० किलोमीटरांच्याही खाली येतो आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को टप्प्यात सव्वाआठशेच्या वर जातो. घाईने अंदाज करायचा असेल, तर अंतराला ९०० ने भागून एक तास मिळवावा. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गांना हा अंदाज बराच जवळचा येतो.

पूर्व-पश्चिम मार्गांना मात्र वाऱ्याचा हिशेब धरावाच लागतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहत असतात, आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. विमान त्यांच्यात सापडले, तर पूर्वेकडे जाताना तास वाचतात आणि पश्चिमेकडे जाताना ते खर्ची पडतात. सिंगापूरहून सॅन फ्रान्सिस्कोला यायला साधारण पंधरा तास लागतात, आणि तेच १३,६०० किलोमीटर उलटे जाताना सतराच्या पुढे जातात. आपल्या मार्गावर दोन्ही बाजूंना पावणेसोळाच तास का दाखवले आहेत, याचे उत्तरही यातच आहे. दुबईचे विमान ध्रुवाकडे उत्तरेला चढते आणि पलीकडे दक्षिणेला उतरते, त्यामुळे ते या वाऱ्यांना बहुतांशी आडवे छेदते. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याविरुद्ध फार काळ जात नाही.

वाऱ्याचा सर्वांत बोलका दाखला एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा आहे. हे विमान पूर्वी अटलांटिकवरून येत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून आणण्यात आले. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांब होती. तरीही पाठीमागून वारा मिळाल्याने विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि प्रवासातले जवळजवळ दोन तास वाचले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे विमान उत्तर ध्रुवाच्या वाटेने नेले. त्या दोन शहरांमधले दोऱ्याचे अंतर १४,००० किलोमीटरांच्या जवळ आहे आणि प्रवास सुमारे १७ तासांचा होता.

मग मुंबईहून प्रत्येक विमान दोऱ्याच्या रेषेवरूनच का जात नाही? पहिले कारण जमिनीचे. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावरून विमान जाऊ शकते, पण मध्येच आतला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत लवकर खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू मोजकी मिनिटेच पुरतो. खाली २०,००० फुटांचे डोंगर असतील तर उतरणार कुठे, म्हणून त्या भागातून जाण्यासाठी सुटकेचा मार्ग आधी आखावा लागतो आणि बहुतेक विमाने तो भाग टाळतात. दुसरे कारण माणसांनी आखलेल्या सीमांचे. २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमानांना रशियाचे आकाश बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. दोन शहरांमधले अंतर त्याने तसूभरही बदलले नाही, पण काही कंपन्यांचे तास वाढले, तर काहींना इंधनासाठी वाटेत उतरावे लागले. म्हणून एकाच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसल्या, तर त्यात छपाईचा दोष मानू नये.

कणकवलीकर

आपणां सर्वांचे मनापासून आभार. साडेएकवीस तासांचा हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि तो दोन्ही बाजूंनी जुळला. नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणूनही पाहिला. तो खरोखरच आफ्रिकेवर टिकत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या आहेत. कणकवलीहून कधी निघावे, आणि दुबईतले अडीच तास आमच्या वयाला पुरतील का? गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईला विमानाने जावे, असेही एकाने सुचवले आहे.

सावंतवाडी_टर्मिनस

काका, निघण्याच्या दिवसाबद्दल सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण त्यात चांगली शिकलेली माणसेही फसतात. विमान पहाटे ४.३० चे आहे, म्हणजे तिकिटावर शनिवार छापला असेल, तर आपल्याला विमानतळावर शुक्रवारी रात्री जायचे आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे रात्री दीडच्या आत. शनिवारी रात्री बॅगा घेऊन दाराशी उभे राहिलेल्या कुटुंबाला तेव्हा कोणीही मदत करू शकत नाही.

कणकवली ते मुंबई हे रेल्वेचे अंतर साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि रात्रीच्या गाडीला आठ-नऊ तास लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असते. दरडींच्या धोक्यामुळे गाड्या कमी वेगाने चालवतात आणि एखाद्या दिवशी उशीर बराच वाढतो. म्हणून शुक्रवारी दिवसाच्या गाडीने निघून रात्री उशिरा मुंबईत उतरण्याचा बेत कागदावर बसत असला, तरी मी तो सुचवणार नाही. गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघा, शुक्रवारी सकाळी ठाण्याला किंवा दादरला उतरा, नातेवाइकांकडे दिवसभर झोप घ्या आणि रात्री अकरा-साडेअकराला सहारच्या विमानतळाकडे निघा. गाडी चार तास उशिरा आली तरी या बेताला धक्का लागत नाही.

मोपाचा पर्याय वाईट नाही. मोपा ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३९० किलोमीटर आणि वेळापत्रकात सव्वा तास. पण कणकवलीहून मोपाला गाडीने जाणे, तिथे दोन तास आधी पोहोचणे आणि मुंबईत बॅगा घेऊन बाहेर पडणे धरले, तर पाच-सहा तास सहज जातात. हे विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते रद्द झाले, तर पुढची कंपनी आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय मुंबईतली काही देशांतर्गत विमाने सांताक्रूझच्या टर्मिनलला उतरतात आणि आपले विमान सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटेल. दोहोंमध्ये रस्त्याने जावे लागते. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि कणकवलीकरांना तो सर्वांत जवळचा आहे, पण तिथली मुंबईची सेवा अखंड राहिलेली नाही, म्हणून या प्रवासाची सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

आणखी एक खबरदारी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. तिकिटावर मुंबईपुढे बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे एकदा बारकाईने पाहून घ्या. एनएमआय असेल, तर पनवेलला उतरणे सोयीचे आणि ठाणे-दादरपर्यंत जाण्याचे कारण नाही.

तर संपूर्ण हिशेब असा. गुरुवारी रात्री नऊला कणकवली सोडली आणि शनिवारी तिथल्या दुपारी साडेतीनला, म्हणजे आपल्या रविवारच्या पहाटे चारला विमानतळाबाहेर आलात, तर घरापासून ५५ तास होतात. त्यांत विमानात बसण्याचे तास १९ आहेत. बाकीचे सगळे रेल्वे, विश्रांती, रांगा आणि वाट पाहणे यांचे आहेत, आणि तब्येत सांभाळायची ती याच ३६ तासांत. विमानातले १९ तास कमी करणे आपल्या हाती नाही, पण मुंबईतला दिवस चांगल्या झोपेचा करणे आहे.

ओकलंडचा_मालवणी

पोहोचल्यावरचे दोन तास वरच्या हिशेबात धरले आहेत, ते योग्यच आहे. सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी लांब पल्ल्याची अनेक विमाने पाठोपाठ उतरतात आणि पासपोर्ट तपासणीची रांग कधी अर्ध्या तासात, तर कधी दीड-दोन तासांत सरते. लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून हातात ठेवा, फोनवर विसंबू नका. अबू धाबीमार्गे येणाऱ्यांची अमेरिकेची तपासणी तिथेच होते आणि इथे उतरल्यावर रांग लागत नाही, पण मग तिथला मुक्काम मोठा हवा. आपले तिकीट दुबईमार्गे असल्याने आपली रांग इथेच लागेल.

वाशिष्ठीकाठ

दुबईच्या अडीच तासांबद्दल : दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असतील, तर ते पुरतात. मोठ्या बॅगा मुंबईतच सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत नोंदवल्या जातात, दुबईत त्या घ्याव्या लागत नाहीत, आणि पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकलेच, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. मुंबईत बॅग देताना तिच्या पट्टीवर एसएफओ अशी सॅन फ्रान्सिस्कोची अक्षरे आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. तिकिटांचे पीएनआर दोन वेगळे असतील, तर मात्र आजच जावयांशी बोला, कारण मग अडीच तास कमी आहेत.

अडीच तास म्हणजे अडीच तास हाती असतात असेही नाही. विमानातून बाहेर येण्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात, सुरक्षा तपासणी पुन्हा होते, अमेरिकेच्या विमानासाठी विमानात चढण्याच्या दाराजवळ (गेटजवळ) आणखी एकदा तपासणी होऊ शकते, आणि विमान सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी हे दार बंद होते. दुबईचा विमानतळ अवाढव्य आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला आतली गाडीही घ्यावी लागू शकते. म्हणून दोघांसाठीही चाकाच्या खुर्चीची नोंद आजच करून ठेवा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, आणि सोबतचा माणूस आपल्याला थेट योग्य दाराशी नेऊन सोडतो. ही नोंद मुंबई, दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही ठिकाणांसाठी झाली आहे का, आणि फेब्रुवारीच्या परतीसाठीही झाली आहे का, हे जावयांना कंपनीकडून लेखी मागवायला सांगा.

दुबईत उतरल्यावर पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक पाहून दाराचा क्रमांक लगेच टिपून घ्या, आणि तिथे पोहोचल्यावरच चहा-पाणी आणि सौ.चे खाणे करा.